बाहेरगावी मुलांच्या फुटबॉल स्पर्धेला रेफरी म्हणून जातोय, पहिलीच वेळ – सल्ला हवाय

मैदानवेडा:
नमस्कार मंडळी, दोन वर्षं झाली रेफरिंग करतोय, बहुतेक 14 आणि 16 वर्षांखालच्या लीग मॅचेस, कधी सेंटर (मैदानातला मुख्य रेफरी) कधी लाइन (कडेला फ्लॅग घेऊन असिस्टंट). आता पहिल्यांदाच बाहेरगावच्या स्पर्धेचं बोलावणं आलंय. चार दिवस, 10 वर्षांखालच्या गटापासून 16 पर्यंत सगळे गट आणि शेजारी शेजारी सहा मैदानं एकाच वेळी चालू. राहायची सोय ते करतायत, प्रवास आपला आपण करायचा, आणि दिवसाला चार मॅचेस मिळतील असं कळवलंय. मला आनंद झालाय हे खरंच आहे, पण रोज एक मॅच करून घरी जायची सवय असलेला माणूस मी, चार दिवस सलग उभं राहून डोकं जागेवर ठेवायचं कसं हे कळत नाहीये. जे आधी जाऊन आलेत त्यांनी सांगा ना, काय घेऊन जाऊ, काय वाचून जाऊ, आणि कशात फसायला होतं?

जुनीशिट्टी:
अभिनंदन. मी गेली वीस वर्षं अशा स्पर्धांना जातोय म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी स्पर्धेचे नियम मागून घ्या, आणि ते प्रवासात नाही तर निघायच्या आठवडाभर आधी वाचा. आपल्याला वाटतं नियम तेच, 17 लॉज म्हणजे फुटबॉलचे अधिकृत नियम, त्यात काय वाचायचं. पण मुलांच्या फुटबॉलमध्ये बऱ्याच गोष्टी बदलायची मुभा लॉजमध्येच दिलेली आहे, मैदानाचा आकार, बॉलचा आकार आणि वजन, गोलपोस्टची रुंदी-उंची, हाफची मिनिटं, बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकतो का, यलो कार्ड दाखवून थोडा वेळ बाहेर बसवायचं का, हे सगळं आयोजक ठरवतात. एकाच दिवशी सकाळी 20 मिनिटांचा हाफ आणि दुपारी दुसऱ्या गटाला 25 चा, असं हमखास असतं. बरोबरी झाली तर जादा वेळ की थेट पेनल्टी, दोन यलो वेगवेगळ्या मॅचमध्ये मिळाले तर पुढची मॅच बाहेर का, छोट्या गटाला ऑफसाइड आहे का, हे मी प्रत्येक गटासाठी एका छोट्या कार्डावर पेन्सिलने लिहून खिशात ठेवतो. पेन्सिलनेच, कारण पावसात पेन उमटत नाही.

आणि नवीन बदल लागू आहेत का ते विचारा. कीपरने बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर आता समोरच्या टीमला कॉर्नर मिळतो, 2025-26 च्या लॉजपासून, शेवटची पाच सेकंदं रेफरीने हात वर करून दाखवायची असतात. 11 वर्षांच्या कीपरला हे कोणी सांगितलेलंच नसतं. कॅप्टन्सना टॉसच्या वेळी सांगून ठेवा, नंतर रडारड होत नाही.

फ्लॅगवाली:
किटबद्दल मी सांगते, मागच्या वर्षी दोन स्पर्धा केल्या. कमीत कमी दोन रंगांचे शर्ट, कारण कुठल्यातरी टीमचा रंग तुमच्या शर्टाशी जुळतोच. दोन घड्याळं, दोन शिट्ट्या, आणि त्या दोन शिट्ट्यांचा आवाज वेगळा हवा. शेजारच्या मैदानावर तुमच्यासारखीच शिट्टी वाजली की तुमच्याकडची पोरं थांबतात, एक पोरगी गोलसमोर एकटी पुढे गेली होती आणि पलीकडच्या शिट्टीमुळे थबकली, तिचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून मी पहिल्या मॅचच्या आधी शेजारच्या रेफरीला जाऊन विचारते, तुमची कुठली, आणि त्याप्रमाणे माझी बदलते.

शूज दोन जोड. आर्टिफिशियल टर्फ असेल तर लांब स्टडचे चालत नाहीत, आणि उन्हात ते टर्फ इतकं तापतं की तळपाय भाजल्यासारखे होतात. मोजे दर मॅचला बदलायचे, ओले मोजे घालून तिसरी मॅच केली की फोड आलाच म्हणून समजा. आणि शिट्टी, कार्डं, शूज, एक पूर्ण किट हातातल्या बॅगेत. सामान दुसऱ्या दिवशी पोचलं असं माझ्या जोडीदाराचं झालं होतं, तो पहिला दिवस उसन्या शूजवर पळाला.

नेमणूकवाला:
मी आमच्याकडे स्पर्धांच्या नेमणुका करतो, म्हणजे कुठल्या मॅचला कोण हे ठरवतो, तर दुसरी बाजू सांगतो. दिवसाला चार असं लिहिलंय ते बहुतेक एक-दोन सेंटर आणि बाकी लाइन असं असतं, तिघांचा गट आळीपाळीने सेंटर घेतो. तसं नसेल, चारही सेंटर असतील तर आधीच विचारा, लाजू नका. आम्हाला नकार दोन दिवस आधी कळलेला चालतो, मैदानावर पाय धरून बसलेला रेफरी चालत नाही. मला खरंच असं वाटतं की रेफरी स्वतःहून 'तीनच द्या' म्हणाला तर त्याच्याबद्दलचं मत वाढतं, कमी होत नाही.

आदल्या संध्याकाळी पोचा. सकाळच्या गाडीने येऊन थेट मैदानात उतरणारे पहिल्याच मॅचला थकलेले दिसतात. आणि परतीचं तिकीट फायनलच्या लगेच नंतरचं काढू नका, पावसाने उशीर झाला की तुमचा एक डोळा घड्याळावर राहतो, आणि त्या पोरांसाठी ती फायनल असते.

दोघांची_आई:
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझी मुलगी 17 ची आहे, रेफरीचा कोर्स झालाय, तिलाही अशाच एका स्पर्धेचं बोलावणं आलंय. एकटीला पाठवायचं का? तिथे काय विचारून घ्यावं?

फ्लॅगवाली:
ताई, मी पहिल्यांदा गेले तेव्हा साडेसतरा वर्षांची होते, म्हणून मनापासून सांगते. पाठवा, पण आधी लेखी विचारा की 18 खालच्या रेफरींची राहायची सोय मोठ्यांपासून वेगळी आहे का, कपडे बदलायला वेगळी खोली आहे का, त्यांच्यासाठी जबाबदार माणूस कोण आणि तो रात्री फोन उचलेल का. हे विचारल्यावर जे आयोजक चिडतात तिथे पाठवू नका. चांगल्या ठिकाणी हे सगळं त्यांच्या पत्रात आधीच लिहिलेलं असतं. आणि लेकीला सांगा की मैदानावर कोणी मोठा माणूस अंगावर ओरडत आला तर तिने एकटीने झेलायचं नाही, मॅच थांबवून आयोजकांना बोलवायचं, तो तिचा अधिकार आहे.

जुनीशिट्टी:
सहमत. आणि हे आपल्या सगळ्यांनाच लागू आहे, मोठ्यांनाही. मुलांच्या चेंजिंग रूममध्ये एकट्याने जायचं नाही, कोच सोबत हवा. किट तपासताना हात लावायचा नाही, 'शिनगार्ड वाजवून दाखव' म्हणायचं, कानातलं असेल तर खेळाडूलाच काढायला सांगायचं. दागिन्यावर पट्टी लावून चालत नाही, काढायलाच हवं, हे लॉ 4 मध्ये स्पष्ट आहे, पालक दर वेळी वाद घालतात.

मधलाहाफ:
मी कोच आहे, रेफरी नाही, तरी लिहितो. छोट्या गटांत कार्ड दाखवताना जरा विचार करा ओ. माझ्या दहा वर्षांच्या पोराला मागच्या महिन्यात यलो मिळालं, शर्ट ओढला म्हणून, बरोबरच होतं, पण तो पुढच्या दोन मॅचेस बॉलच्या जवळ जायला घाबरत होता. दोन शब्द बोलून भागलं नसतं का?

जुनीशिट्टी:
मधलाहाफ, तुमचं दुःख समजतं पण मी पूर्ण सहमत नाही. समोरच्या पोराचा शर्ट ओढून त्याचा गोल गेला असेल तर त्यालाही न्याय हवा, तोही दहाच वर्षांचा आहे. कार्ड दाखवायचं, पण दाखवायची पद्धत असते. पोराला बाजूला घ्या, उंच असाल तर थोडं वाका, काय झालं ते एका वाक्यात सांगा, मग कार्ड साधेपणाने वर करा, नाट्य नको. आणि पुढच्या पाच मिनिटांत त्याने काही चांगलं केलं की जाता जाता 'छान टॅकल' म्हणा. एवढ्याने बरंच सावरतं.

मधलाहाफ:
हे पटलं. पण मग थ्रो-इनबद्दलही सांगा, आठ-नऊ वर्षांच्या पोराचा पाय उचलला गेला म्हणून थ्रो समोरच्याला देतात, मला ते बघवत नाही.

जुनीशिट्टी:
तिथे मी तुमच्या बाजूने आहे. स्पर्धेच्या नियमात मुभा असेल तर एकदा दाखवून परत टाकायला द्यावा. फक्त ही मुभा आहे का ते आधी विचारायचं आणि दोन्ही टीम्सना सारखी द्यायची.

फिजिओताई:
मी स्पर्धांना मेडिकल टेबलवर बसते, दोन गोष्टी रेफरींना हात जोडून सांगायच्या आहेत.

पहिली, गोलपोस्ट. हलवता येणारे गोल जमिनीला घट्ट बांधलेले किंवा मागच्या बारवर वजन ठेवलेले असलेच पाहिजेत, लॉ 1 मध्ये आहे ते. पोरं क्रॉसबारला लटकतात आणि गोल पुढे पडतो, जगभरात यात मुलांचे जीव गेले आहेत. सकाळी एकदा बघून भागत नाही, प्रत्येक मॅचच्या आधी स्वतः मागे जाऊन हलवून बघा.

दुसरी, डोक्याला मार. पोरगं बेशुद्ध पडलं नाही म्हणजे काही झालं नाही असं नसतं, कन्कशन (मेंदूला बसलेला धक्का) झालेली बहुतेक मुलं बेशुद्ध पडतच नाहीत. उठायला वेळ लागला, नजर भिरभिरतेय, तोल जातोय, डोकं धरून बसलाय, नेहमीपेक्षा हळू उत्तर देतोय, यातलं एकही दिसलं तर बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. मान दुखतेय, उलटी, दोन-दोन दिसतंय, हातापायाला मुंग्या, फिट, यातलं काही असेल तर हलवायचंच नाही, अँब्युलन्स. मोठ्या मुलांना 'कुठल्या मैदानावर आहोत, कुठला हाफ चालू आहे, शेवटचा गोल कोणी केला' असं विचारतात, पण हे प्रश्न 12 वर्षांपेक्षा मोठ्यांसाठी आहेत, लहानांची उत्तरं बरोबर आली म्हणून विश्वास ठेवू नका. आणि 'बरा आहेस का?' हे तर विचारूच नका. खेळायचंय म्हणून पोरगं हो म्हणणारच.

तुम्ही डॉक्टर नाही आणि तुमच्याकडून निदान कोणी मागत नाही. तुम्ही फक्त खेळ थांबवा आणि आमच्याकडे पाठवा.

नेमणूकवाला:
फिजिओताईंच्या यादीत ऊन आणि विजा जोडतो. ऊन जास्त असेल तर कूलिंग ब्रेक दीड ते तीन मिनिटांचा, साधा पाणी ब्रेक मिनिटभराचा, आणि घ्यायचा की नाही हे दोन्ही टीम्सना मॅचच्या आधी सांगायचं. गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं, शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं परत जायचं नाही. वेळापत्रक कोसळेल म्हणून घाई करणारे असतात, तुम्ही ऐकू नका, वेळापत्रक आमची डोकेदुखी आहे, आम्ही बघून घेऊ.

मैदानवेडा:
खूप खूप आभार सगळ्यांचे, प्रिंट काढून बॅगेत टाकलंय. नेमणुकीबद्दल विचारलं, दोन सेंटर दोन लाइन असं आहे. आल्यावर लिहितो.

मैदानवेडा:
(बारा दिवसांनी) आलो. लिहायला उशीर झाला कारण काय लिहावं हे ठरत नव्हतं, पण इथे इतक्या लोकांनी वेळ काढून सांगितलं म्हणून जे झालं ते सगळं लिहितो.

पहिला दिवस छान गेला. कार्डावर नियम लिहिले होते ते कामाला आले, वेगळी शिट्टी कामाला आली, आमच्या तिघांचा गट चांगला जमला, रात्री बसून आम्ही एकमेकांच्या चुका मोकळेपणाने बोलायचो, त्यात मी दोन वर्षांत शिकलो नाही इतकं शिकलो. लाइनवर असताना मी बॉलकडे बघत राहतो आणि ऑफसाइडसाठी धरायची शेवटून दुसऱ्या डिफेंडरची रेषा सोडतो हे मला पहिल्यांदाच कोणीतरी सांगितलं. एका 14 खालच्या मॅचला एक कोच सारखा ओरडत होता, त्याला आधी शांतपणे सांगितलं, मग यलो दाखवलं, 2019 पासून कोचलाही कार्ड दाखवता येतं हे त्याला माहीतच नव्हतं बहुतेक, एकदम गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मॅचला मी सेंटर होतो. त्याच मैदानावर सकाळी पहिल्या मॅचला लाइन केली होती, तेव्हा गोल बघितले होते, म्हणून परत गेलोच नाही बघायला. टॉस झाला, टीम्स लागल्या, मी शिट्टी तोंडात धरली आणि माझी असिस्टंट, वयाने माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, फ्लॅग वर करून उभी. जाऊन बघतो तर एका गोलच्या मागच्या बारवरच्या वाळूच्या पिशव्या नाहीत. मधल्या वेळात कोणीतरी शेजारच्या मैदानावर नेल्या होत्या. मी एका हाताने पोस्ट धरून ढकललं आणि ते सहज उचललं गेलं, मागची पाइप गवतातून दोन बोटं वर आली. कीपर तिथेच उभा होता, उड्या मारून क्रॉसबारला हात लावायचा प्रयत्न करत होता, 12 खालचा गट. पाय गार पडले माझे. पिशव्या आणून ठेवेपर्यंत सात मिनिटं गेली, आयोजक एक शब्द बोलले नाहीत. फिजिओताई, तुम्ही 'सकाळी एकदा बघून भागत नाही' असं लिहिलं होतं आणि ते माझ्या बॅगेत होतं.

आणि तिसऱ्या दिवशीची चौथी मॅच. एक रेफरी आजारी पडला म्हणून मला लाइनऐवजी सेंटर करता का विचारलं आणि मी लगेच हो म्हणालो. तिसरी सेंटर होती ती त्या दिवसाची. संध्याकाळ होत आलेली, 12 खालचाच गट, 1-0, शेवटची चार-पाच मिनिटं. कॉर्नरवर दोन पोरं एकाच बॉलला उडी मारून डोक्याला डोकं लागलं, आवाज आला. मी शिट्टी मारली. एक जण रडत बसला, त्याच्याकडे सगळे धावले, मीही. दुसरा, सहा नंबर, लगेच उठला, शॉर्ट्स झटकले, मला म्हणाला बरा आहे मी. त्याचीच टीम हरत होती, कोच बाहेरून 'उठलाय तो, खेळू द्या' म्हणत होते. आणि मी, खरं सांगतो, तेव्हा फक्त घड्याळ बघत होतो. रडणारा बाहेर गेला, मी बॉल खाली टाकून खेळ परत सुरू करायला, म्हणजे ड्रॉप बॉलसाठी, जागा घेतली, हात खाली आणला.

तेवढ्यात तो सहा नंबर माझ्याजवळ आला आणि अगदी हळू, मित्राला विचारावं तसं विचारलं, 'आपण कुठल्या बाजूला गोल करायचाय?'

मी बॉल परत काखेत घेतला. त्याला म्हटलं चल माझ्याबरोबर, आणि स्वतः लाइनपर्यंत चालत नेलं, मेडिकलवाल्या ताईंना काय झालं, किती वाजता झालं आणि त्याने काय विचारलं ते सांगितलं. कोच चिडले, 'दोन मिनिटांसाठी' असं दोनदा म्हणाले, मी फक्त म्हटलं आज तो परत आत येणार नाही. मॅच संपली तेव्हा तो खुर्चीवर बसून पायाजवळच्या बादलीत उलटी करत होता. त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं. दुसऱ्या दिवशी कळलं की ठीक आहे, घरी सोडलंय, काही आठवडे खेळ बंद.

त्याने तो प्रश्न विचारला नसता तर मी खेळ चालू केला असता. हे मला सुटत नाहीये. मला लक्षणं माहीत होती, आदल्या रात्री परत वाचली होती, पण त्या क्षणी माझं डोकं रडणाऱ्या पोराकडे आणि घड्याळाकडे होतं, शांत पोराकडे नव्हतंच. पहिल्या दिवशी सकाळी हेच झालं असतं तर मी दोघांनाही पाठवलं असतं याची मला खात्री आहे.

फिजिओताई:
तुम्ही हे लिहिलंत याबद्दल आभार. तुम्ही थांबवलंत, महत्त्वाचं ते आहे, कारण पहिल्या मारानंतर लगेच दुसरा मार लागला असता तर फार वाईट होऊ शकलं असतं. एक लक्षात ठेवा, डोक्याला डोकं लागलं की नेहमी दोन पोरं असतात. एक रडतं, दुसरं सुटतं. आम्ही पण टेबलवर हे एकमेकींना बजावतो.

जुनीशिट्टी:
मैदानवेडा, वीस वर्षांत मी किती सहा नंबर सोडून दिले असतील मला माहीत नाही, कारण तेव्हा आम्हाला हे कोणी शिकवलंच नव्हतं, उठला की खेळ चालू. रात्री वाचल्यावर झोप लागली नाही. माझं वय 52 आहे आणि अजून मी पाच मॅचेसला हो म्हणतो, पाय चालतात म्हणून. पाय चालतात हे खरं, पण पाचव्या मॅचला मी बॉलपासून किती लांब असतो आणि कोणाकडे बघत नसतो हे मी कधी मोजलंच नाही. त्या पोरांची ती दिवसातली एकच मॅच असते.

नेमणूकवाला:
यात आमची चूक आहे, तुमची कमी. दोन सेंटर झालेल्या माणसाला तिसरी विचारायलाच नको होती. आमच्या पुढच्या स्पर्धेपासून दोन रेफरी रोज राखीव ठेवतोय, त्यांना मॅच मिळाली नाही तरी दिवसाचं मानधन मिळेल. आणि शेवटच्या मॅचेसना प्रत्येक गटात किमान एक ताजा माणूस. कालच्या बैठकीत हे मांडलं, खर्च वाढतो म्हणून कुरकुर झाली, पण मंजूर झालं.

मधलाहाफ:
मी कोच म्हणून सांगतो, मी पण 'खेळू द्या' म्हणालो असतो. म्हणालोय. उद्या सरावाला पोरांना सांगणार आहे की डोक्याला लागलं तर मला सांगायचं आणि बाजूच्या मित्राला लागलेलं दिसलं तरी सांगायचं.

दोघांची_आई:
मुलगी पुढच्या गुरुवारी निघतेय. वेगळी खोली आहे, जबाबदार बाईंशी फोनवर बोलणं झालं. हा सगळा धागा तिने वाचलाय. फॉर्ममध्ये दिवसाला किती मॅचेस चालतील असा रकाना होता, तिने आधी चार लिहिलं होतं, काल खोडून 'तीन, त्यात एकच सेंटर' लिहिलं. आणि मैदानवेडा, ती विचारतेय की वाळूच्या पिशवीचं वजन साधारण किती असतं, म्हणजे तिला एकटीला उचलून परत ठेवता येईल का?

मैदानवेडा:
आमच्या इथल्या मी एकट्याने उचलल्या, पण दोघांनी उचललेल्या बऱ्या. तिला सांगा उचलत बसू नकोस, मॅच सुरू करू नकोस आणि मैदानाच्या माणसाला बोलाव. सात मिनिटं गेली तर जाऊ देत.